एका विरजणाची माणसं

यंत्राने आरूच्या नावापुढे ‘एकल’ असा शेरा मारला, तेव्हा सुगलाबाईने भर दवाखान्यात त्याला कन्नडमधून शिवी हासडली. शिवी साधीसुधी नव्हती. तिच्या सासूने ती उभ्या आयुष्यात दोनदाच वापरली होती. बाकावरच्या ज्यांना कन्नड येत होतं त्यांनी माना खाली घातल्या, ज्यांना येत नव्हतं त्यांनाही एकूण आशय पोचला. यंत्र मात्र भिंतीला टेकून मंद घरघरत राहिलं. फ्रिजएवढं धूड ते, आणि त्याच्या पडद्यावर आकडा होता शंभरपैकी नऊ.

साठ लागत होते.

डॉक्टर मेघना कोनापुरे यांनी आकडा दोनदा पाहिला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिला आणि मग सांगितलं की नियमाप्रमाणे या मुलीला उपचाराची जागा मिळणार नाही. तिला पुण्याच्या निवारा केंद्रात पाठवता येईल, तिथे त्रास कमी व्हावा म्हणून औषधं देतात. बरं करण्यासाठी देत नाहीत, एवढं वाक्य त्यांनी गिळलं. पण पंधरा वर्षांच्या आरूला ते ऐकू आलं.

“मी पुण्याला जाणार न्हाई,” ती म्हणाली. “मरायचंच आसंल तर सोलापुरातबी जमतंय मला.”

सुगलाबाईने तिच्या पाठीत एक हलका धपाटा घातला आणि लगेच त्याच हाताने तिची पाठ चोळली. बोट लागलं तरी अंगावर निळा डाग उठायचे दिवस होते ते.

सोलापूरच्या एसटी स्टँडच्या मागे एक बोळ आहे. महापालिकेने त्याला कुणा थोर माणसाचं नाव दिलं, ते पाटीवरच राहिलं. लोक त्याला भाकरी बोळ म्हणतात. २०४३ सालीही म्हणत होते. एसट्या विजेवर धावू लागल्या, तिकिटं मनगटावरून कापली जाऊ लागली, पण प्रवाशाची भूक काही बदलली नाही. त्यामुळे अकरा बायका अकरा चुलींपुढे बसून ज्वारीच्या भाकरी थापत, शेंगाची चटणी वाढत आणि वर वाटीभर घट्ट दही देत. त्यांत सुगलाबाई म्हेत्रेसारखी अक्कलकोटकडची लिंगायत होती, पद्मा येमूल ही विणकरांच्या घरातली, तेलुगू बोलणारी होती, शमीम बागवान होती, खालच्या गल्लीतल्या दोघी होत्या. चार जाती, तीन भाषा, आणि भांडणं मात्र मोजायच्या पलीकडची. चूल हातभर पुढे सरकवण्यावरून सुगलाबाई आणि पद्मा दोन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. आणि बसत होत्या शेजारीशेजारी.

चार वर्षांपूर्वी विजापूरच्या गाडीतून अकरा वर्षांची आरोही या बोळात उतरली आणि परत कुठे गेलीच नाही. गाव विचारलं की ती भिंतीकडे बघे. बायकांनी पोलिसांना कळवलं, तिला बालगृहात नेऊन सोडलं. तिसऱ्या दिवशी ती परत. पुन्हा सोडलं, पाचव्या दिवशी परत. मग तिची आरू झाली. आज हिच्याकडे भाकरी, उद्या तिच्याकडे, अशी तिची पाळी आपोआप लागत गेली. झोपायची मात्र ती पार्सल ऑफिसच्या ओट्यावर. ते सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीबद्दल कुणीच काही करत नाही, तसंच झालं.

तिचं एक काम ठरलेलं होतं. संध्याकाळी अकरा जणींच्या कोमट दुधाला विरजण लावायचं. एखादीच्या हाताचं दही घट्ट लागतं, एखादीच्या हाताचं पाणचट होतं, यावर बोळातल्या बायकांचा ठाम विश्वास होता. आरूने पहिल्यांदा शमीमच्या पातेल्यात बोटाने विरजण कालवलं, तर सकाळी दही सुरीने कापावं असं लागलेलं. तेव्हापासून या पातेल्यातलं चमचाभर त्या पातेल्यात, त्यातलं पुढच्यात, असं करत ती बोळभर फिरे. शमीमच्या घरचं पाणीही न पिणाऱ्या बायका त्या विरजणाचं दही बोटं चाटून खात होत्या. हे कुणी मोठ्याने बोलत नसे.

यंदा पौषात आरूच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. एके दिवशी भाकरीचं टोपलं उचलायला वाकली ती उठलीच नाही. तपासण्या झाल्या. रक्ताचा कर्करोग होता.

आता या रोगावर उपाय निघालेला होता, आणि चांगला उपाय होता. रोग्याच्याच रक्तातल्या लढाऊ पेशी बाहेर काढायच्या, शत्रू कसा दिसतो ते त्यांना प्रयोगशाळेत शिकवायचं आणि पुन्हा रक्तात सोडायचं. पण शिकवलेल्या पेशींना जागा व्हावी म्हणून शरीरातली जुनी फौज आधी मोडून काढावी लागते. त्या धामधुमीत आतड्यातले, तोंडातले कोट्यवधी उपयोगी जिवाणूही मरतात. पुढचे शंभर दिवस माणूस वाऱ्यावर पडलेला. साधी सर्दी त्याला नेऊ शकते.

त्या शंभर दिवसांत दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे सांभाळणारं माणूस. दुसरी म्हणजे मेलेल्या जिवाणूंच्या जागी नवे पेरायला दाता, आणि इथे परका माणूस चालत नाही. एका घरात राहणारी, एका हातचं खाणारी माणसं नकळत एकमेकांना आपले जिवाणू देत असतात. नवरा-बायको, मायलेकी, फार काय घरातलं मांजर, सगळ्यांच्या पोटात तेच ते वाण सापडतात. शरीर या ओळखीच्या वाणांना लवकर थारा देतं आणि परक्यांशी भांडत बसतं.

सहवास यंत्र या शोधातून जन्मलं. जिभेवरचा आणि पोटातला नमुना घालायचा, दोन माणसांचे किती वाण जुळतात ते यंत्र सांगतं. मुळात ते योग्य दाता निवडण्यासाठी होतं. पण सुरुवातीच्या काळात लोकांनी उपचार मिळावा म्हणून भाड्याचे मामा आणि भाड्याच्या मावश्या उभ्या केल्या. दहाव्या दिवशी मावशी गायब, आणि बंद खोलीत रोगी मेलेला. असं चार-पाच वेळा झाल्यावर नियम आला: सांभाळणारा आणि रोगी यांचा सहवासांक साठच्या वर हवा. नियम करणाऱ्यांच्या मनात पाप नव्हतं. ज्याला घरच नाही असं माणूस त्यांच्या मनात आलं नव्हतं, एवढंच.

सुगलाबाईने आपलं नाव सांभाळणारी म्हणून दिलं, आणि मग डॉक्टरांनी सांगितलं की गुरुवारी पोरीचं सँपल घेणार.

इथे घात झाला. भाकरी बोळात सँपल या शब्दाचा अर्थ एकच. अन्न खात्याचा साहेब येतो, चटणी आणि दही बाटलीत भरून नेतो, आणि त्यात एखादा जिवाणू सापडला की चूल बंद. त्यामुळे सँपल म्हटलं की अकरा जणींचे हात आपोआप चालू होतात: फरशी घासायची, भांडी उकळायची, पातेली उन्हात पालथी घालायची. इथे पातेल्याच्या जागी पोरगी होती. त्यांनी तिला तीन दिवस कडुनिंबाच्या पाण्याने घासून न्हाऊ घातलं. जीभ खरवडली. औषधी गुळण्यांची अख्खी बाटली संपवली. शमीमच्या नवऱ्याला दाढदुखीसाठी आणलेल्या जिवाणूमाराच्या गोळ्या घरात उरल्या होत्या, त्याही सकाळ-संध्याकाळ दिल्या. खायला फक्त दवाखान्यासमोरचं सीलबंद डब्यातलं. दही तर नावालाही नाही, दह्यात जिवाणू असतात हे त्यांना साहेबानेच शिकवलं होतं.

यंत्रात काहीच सापडू नये म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं, आणि यंत्रात काहीच सापडलं नाही.

कोनापुरे डॉक्टरांना हे सगळं कळलं तेव्हा त्यांनी हातातली फाईल टेबलावर टाकली. त्या रागावल्या, पण कुणावर रागवावं हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी त्यांनी सुगलाबाईला समोर बसवून यंत्र काय शोधतं ते पहिल्यापासून समजावलं. पुन्हा चाचणी तीन महिने करता येत नाही, हेही सांगितलं. आणि जागा पंधरा तारखेला दुसऱ्या कुणाला जाणार होती. आज तीन होती.

सुगलाबाईने आपल्या तळहातांकडे पाहिलं. पस्तीस वर्षं भाकरी थापून तिच्या हातांवरच्या रेषा पुसट झाल्या होत्या. आपल्याच हाताने आपण पोरीचा गळा दाबला, असं तिला वाटत होतं.

“म्हंजे कडकडीत दुधात विरजण घातलं आमी,” ती म्हणाली. “मारलं त्येला.”

“कसलं विरजण?”

तिने सांगितलं. पातेली, चमचा, बोट, बोळभरची फेरी. सांगताना तिला त्यात विशेष काही वाटत नव्हतं. डॉक्टर मात्र हळूहळू पुढे सरकत खुर्चीच्या कडेवर आल्या. हातातले जिवाणू विरजणात उतरतात, हे त्यांनी वाचलेलं होतं. म्हणून तर दोन गावांच्या दह्याची चव वेगळी. आरूने शेवटचं लावलेलं दही कुणाकडे शिल्लक आहे का, असं त्यांनी विचारलं.

सुगलाबाईचा चेहरा कसनुसा झाला. तिच्या फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात, कापडात गुंडाळून एक वाटी होती. आरू दवाखान्यात गेली त्या दिवसाची. पोरगी बरी होऊन येईपर्यंत तिच्या हातचं विरजण मोडायचं नाही, असं तिने मनाशी धरलं होतं आणि हसतील म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने बोळात लाज सोडून सगळ्यांना विचारलं. आधी ज्या त्या आपापल्या चुलीतला जाळ सारू लागल्या. मग शमीम उठली आणि घरून पितळेचा डबा घेऊन आली. मग तिसरी, मग चौथी. प्रत्येकीने तीच वाटी लपवलेली, प्रत्येकीला वाटत होतं आपण एकटीच वेडी. दहा वाट्या जमल्या. अकरावीशी सुगलाबाई बोलत नव्हती; तरी पद्माने आपल्या चुलीमागून झाकण घातलेली वाटी काढली, सुगलाबाईच्या पुढ्यात ठेवली आणि तोंड फिरवून पुन्हा पीठ मळू लागली.

रविवारी यंत्र मोकळं असतं. डॉक्टरांनी त्या दिवशी जे केलं ते नियमात बसत नव्हतं आणि नियमात नाही असंही कुठे लिहिलेलं नव्हतं. अकरा बायका, अकरा वाट्या आणि व्हीलचेअरवर मास्क लावलेली आरू. प्रत्येकीने आ करून जीभ दाखवली, बाकीचा नमुना आडोशाला जाऊन दिला, आणि त्यावरून एकमेकींची जी काही चेष्टा झाली ती इथे सांगण्यासारखी नाही. आरूच्या बोटांवरचा नमुना घेतला; कातडीच्या रंध्रांत लपलेले जिवाणू कितीही धुतलं तरी चार दिवसांत परत वर येतात. मग डॉक्टरांनी यंत्राला दोन माणसांची तुलना करायची सवय सोडायला लावली आणि सगळ्यांशी सगळ्यांची तुलना करायला सांगितलं. त्याला सहा तास लागले. बायका बाहेरच्या आवारात बसून राहिल्या, कुणी घरी गेली नाही.

संध्याकाळी डॉक्टर कागद घेऊन बाहेर आल्या. अकरा घरांतल्या अकरा बायका, आणि यंत्राच्या मते त्या एकाच घरात राहत होत्या. कुणाचाही कुणाशी आकडा साठच्या खाली नव्हता. सगळ्यांत मोठा आकडा एक्क्याऐंशी, सख्ख्या बहिणींतही एवढा क्वचित येतो.

“कुणाचा?” शमीमने विचारलं.

“सुगलाबाई म्हेत्रे आणि पद्मा येमूल.”

आवारात हशा पिकला. त्या दोघी सोडून सगळ्या हसल्या.

मग डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. या अकरा जणी एकमेकींच्या घरी जेवत नाहीत, काही तर एकमेकींच्या हातचं घेतही नाहीत. मग एकीचे वाण दुसरीकडे आले कसे? वाट्यांत त्याचं उत्तर होतं. अकराही वाट्यांत आरूच्या बोटांवरचे वाण होते, आणि त्या अकराजणींचेही. चार वर्षं ती एकेकीकडे जेवत होती, एकेकीचं पुढे नेत होती. आणि त्या नऊ टक्क्यांत, तिच्या पोटात गोळ्या खाऊनही जे तगले होते, त्यांत एकही परका नव्हता. सगळे बोळातले होते.

“हिला घर नाही असं यंत्र म्हणालं,” डॉक्टर म्हणाल्या. “तुम्हालाच हिच्यामुळे एक घर होतं.”

सुगलाबाईला रडू आलं आणि रागही आला. राग स्वतःचाच होता. तिला पार्सल ऑफिसचा ओटा आठवला, थंडीत आरू तिथे पाय पोटाशी घेऊन झोपायची तो. आणि आपल्या घरामागची पत्र्याची खोली आठवली, ज्वारीची पोती रचलेली, कोरडी, उबदार. चार वर्षं ज्वारीला छत होतं. पोरीला नव्हतं. हे तिने कुणाला बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवसापासून ती झोपेत दात खायला लागली, असं तिचा मुलगा सांगतो.

अकरा तारखेला उपचार समितीची बैठक झाली. सचिव निंबर्गीकर हे सभ्य गृहस्थ होते. त्यांनी सगळे कागद वाचले, दह्याचे तक्ते लक्ष देऊन पाहिले, आणि त्यांचा प्रश्नही वाजवी होता. दाते म्हणून अकरा जणी चालतील, उलट उत्तमच. पण सांभाळणारं एक माणूस लागतं. भर दुपारी मुलीला ताप चढला तर जबाबदार कोण? अकरा म्हणजे कुणीच नाही, असा त्यांचा अनुभव होता.

सुगलाबाई उभी राहिली. बैठकीत उभं राहून बोलायचं नसतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

“साहेब, तुमी एकच विचारलालाव, कोण एक. चार वर्षं आमीबी तेच केलं. हिच्या झोपायचं कोण बघंल, तर दुसरी बघंल म्हनून. तेवढी चूक झाली, कबूल. पन पोरगी चार वर्षांत एक दिस उपाशी ऱ्हायली न्हाई. कुनाची चूल सुतकात बंद, कुनाची बाळंतपनात बंद, तरीबी न्हाई. एकीवर सोपवली असती तर ऱ्हायली असती. तुमच्या त्या भाड्याच्या मावश्या पळाल्या, त्या एकेकट्या हुत्या. आमच्यातली एक पळाली तर दहाजणी तिचं घर गाठतील.”

निंबर्गीकरांनी कपाळ चोळलं. मग त्यांनी एक तोडगा सुचवला, आणि मनापासून सुचवला: सुगलाबाईने दत्तक आई म्हणून नाव लावावं, बाकीच्या जणी मदतनीस. म्हणजे रकाना भरेल आणि काम सुटेल.

“आई नगं,” आरू मास्कमधून म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. चार वर्षांत ती स्वतःबद्दल जे बोलली ते एवढंच: “मला हुती आई. तिच्याजवळनंच आले मी पळून. खोटं लिहून जागा घ्यायची न्हाई मला. ह्या अकराजणी लिहा, न्हाईतर राहू द्या.”

निंबर्गीकरांनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. शेवटी ठरलं ते असं की अकराही कुटुंबांनी ‘एकघर’, म्हणजे कायद्याने एकच घर, म्हणून सरकारी नोंद करावी, एक स्वच्छ बंदिस्त खोली दाखवावी, आणि हे चौदा तारखेच्या संध्याकाळी पाचपर्यंत व्हावं. एक जरी सही कमी पडली तरी अर्ज बाद.

एकघर नोंद जाहीर असते, कुणालाही पाहता येते. लग्नं जमवणारे तर आधी तीच पाहतात. त्यामुळे त्या रात्री अकरा घरांत जेवणं गार झाली.

सुगलाबाईचा मुलगा बसवराज स्वभावाने वाईट नव्हता. त्याला आईचं कौतुक होतं, आरूबद्दल कणवही होती. पण त्याची मुलगी विशीची होती. नोंदीत आपलं आणि शमीमचं घर एक दिसणार, पद्माचं दिसणार, त्या खालच्या गल्लीतल्यांचंही दिसणार, हे त्याने चार वेगवेगळ्या तऱ्हेने आईला सांगून पाहिलं.

“दिसंल न्हाई, हायच,” सुगलाबाई म्हणाली. “शमीमच्या घरचे जिवाणू माझ्या पोटात हायत, यंत्र सांगतंय. तुझ्याबी पोटात हायत. रोज दोन वाट्या दही वरपतोस की. आता काय करतोस, पोट घासून घेतोस?”

बसवराज ताटावरून उठला. सकाळी तो पत्र्याच्या खोलीत गेला आणि काही न बोलता पोती बाहेर काढायला लागला. बेचाळीस पोती होती. दुपारपर्यंत त्याने ती अंगणात रचून वर ताडपत्री बांधली, आणि मग शमीमचा नवरा चुन्याची बादली घेऊन आला. दोघांनी मिळून खोली पांढरी केली. हवा गाळणारं यंत्र दवाखान्याने दिलं, खिडकीला जाळी पद्माच्या घरून आली, ती कुणी पाठवली हे कुणी विचारलं नाही.

चौदा तारखेला साडेचारला नोंदणी कार्यालयात दहा सह्या झाल्या होत्या. पद्मा नव्हती. तिच्या नवऱ्याने दार लावून घेतलं आहे, अशी बातमी होती. सुगलाबाई पायरीवर बसून रस्त्याकडे बघत होती. जिच्याशी दोन वर्षं आपण एक शब्द बोललो नाही, तिच्यावर आता पोरीचा जीव टांगला आहे, आणि तिला हाक मारायला जावं तर कोणत्या तोंडाने, हे तिला कळत नव्हतं. जायचंच असं ठरवून ती उठली, तेवढ्यात पद्मा रिक्षातून उतरली. केस सुटलेले, एका पायात चप्पल, मनगटावर ओरखडा.

ती सरळ टेबलापाशी आली.

“पेन दे,” ती सुगलाबाईला म्हणाली.

सुगलाबाईने पेन दिलं. चार वाजून बावन्न मिनिटांनी अकरावी सही झाली.

पुढचे शंभर दिवस सोपे नव्हते. जुनी फौज मोडताना आरूचे केस गेले, तोंड आलं, आठवडाभर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. शिकवलेल्या पेशी सोडल्यावर असा ताप चढला की डॉक्टर दोन दिवस घरी गेल्या नाहीत. तो उतरला. मग अकरा जणींच्या नमुन्यांतून निवडलेले वाण छोट्या कॅप्सुलांत भरून रोज तिच्या पोटात जाऊ लागले, आणि ते ओळखीच्या घरी आल्यासारखे तिथे राहिले. बावीस दिवसांनी ती पत्र्याच्या खोलीत आली. पाळ्या लागल्या. दोन तासांनी एक जण, हात कोपरापर्यंत धुतलेले, तोंडावर मास्क. साठाव्या दिवशी दुपारी ताप आला, तेव्हा गुरुबाई नावाची सगळ्यांत भित्री बाई पाळीवर होती. तिने सात मिनिटांत रुग्णवाहिका आणली. निंबर्गीकरांना तिने स्वतः फोन करून कळवलं की भर दुपार आहे, ताप आला होता, आणि जबाबदार मी आहे.

आरूला या काळात दही वर्ज्य होतं. बोळात कुणी ठराव वगैरे केला नाही, पण तिला मिळत नाही तोवर आपणही लावायचं नाही, असं झालं. विरजणाची एक वाटी दवाखान्याच्या शीतपेटीत जपून ठेवली आणि बोळाच्या तोंडाशी पाटी लागली: दही नाही. प्रवासी कुरकुरले. कोरडी भाकरी नि चटणी कुणी खायची? शमीम त्यांना पाण्याचा तांब्या पुढे करून म्हणायची, यानं उतरतंय, खाऊन बघा.

शंभराव्या दिवशी आरूची शेवटची चाचणी होती. निघताना सुगलाबाईने तिला ताकीद दिली की आज दात घासायचे नाहीत. रक्त स्वच्छ निघालं. सहवासांक अकराही जणींशी सत्तरच्या वर होता. पाच वर्षं दर तीन महिन्यांनी यावं लागेल, रोग उलटू शकतो, हे डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

“पाच तर पाच,” सुगलाबाई म्हणाली. “आमी कुठं जातोय?”

त्या संध्याकाळी बोळात अकरा पातेली कोमट दुधाने भरून ओळीने मांडली. डोक्यावर बोटभर केस उगवलेली आरू खाली बसली आणि दवाखान्यातून आणलेल्या वाटीतून पहिल्या पातेल्यात चमचा बुडवला. बोटाने कालवलं, त्यातलं पुढच्यात घेतलं. अकरा जणी कंबरेवर हात ठेवून बघत होत्या. पद्मा म्हणाली की दूध अजून जरा गरम आहे, सुगलाबाई म्हणाली की अजिबात नाही, आणि दोघींचं तिथल्या तिथे कडाक्याचं भांडण झालं. दोन वर्षांचं साठलेलं होतं.

रात्री जेवताना बसवराजने हळूच विषय काढला. पोरगी आता बरी आहे, छान झालं. तिची पुढची काय ती सोय बघूच. पण पावसाचे दिवस तोंडावर आले आहेत, ताडपत्री फाटली आहे. ज्वारी पुन्हा आत कधी घ्यायची?

सुगलाबाईने मागच्या दाराकडे पाहिलं. पत्र्याच्या खोलीत दिवा होता, आतून आरूच्या आणि बसवराजच्या मुलीच्या हसण्याचा आवाज येत होता.

“चार वर्षं ज्वारी आत हुती नि पोरगी भाईर,” ती म्हणाली. “आता चार वर्षं ज्वारीला राहू दे भाईर.”

आणि तिने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.